पोरंबाळं नाहीत ना?

भदौ १, शनिवार

मोटार जळली!

आठवड्यानं नळाला पाणी आलं, मी बटण दाबलं — घर्रर्र, मग जळका वास, मग काहीच नाही. खाली अंगणातली टाकी भरून वाहतेय आणि गच्चीतली काळी टाकी कोरडी ठणठणीत! हे म्हणाले, "मिस्त्रीला बोलावतो." शनिवारी? सुट्टीच्या दिवशी? मिस्त्री काय यांचा मेहुणा लागतो?

पहिल्या मजल्यावरची दिलमाया न सांगता बादल्या घेऊन हजर. खालून वर, खालून वर. "आमा, तुम्ही नका उचलू, तुमचा गुडघा." जिन्यात पाणी सांडत होती म्हणून मी ओरडले. मग चहा दिला. साखर जरा जास्तच पडली होती, तरी गुणाची पोर प्याली.

लोकांना वाटतं घर भाड्यानं दिलं की पाय पसरून बसायचं. या म्हणावं एक दिवस बसायला!

भदौ ३

मिस्त्री आला. कॉइल नवीन टाकली. त्याच्यापुढं हे नुसते "हो हो, बरोबर, बरोबर" करत उभे. पल्टणीत अख्खी उमर गेली, पण मिस्त्री दिसला की बोबडी वळते. घासाघीस मीच केली.

तळमजल्यावरची पुढची खोली शिंप्यानं सोडली. माणूस बरा वाटला होता. मशीन हलवलं तर मागं भिंतीला ही एवढी ओल! वर देवीचं कॅलेंडर टांगून ठेवलेलं मेल्यानं. इतके दिवस जाता-येता मी त्या कॅलेंडरला नमस्कार करत होते — म्हणजे ओलीला!

हे हसून हसून बेजार. मला नाही हसू आलं. प्लास्टर कोण करणार, यांची देवी?

भदौ ६

गेटावर कागद चिकटवला — खोली भाड्यानं देणे आहे, लहान कुटुंब. तेव्हापासून फोन थांबत नाही. एक म्हणे कुत्रा चालेल का. एक म्हणे ड्रम वाजवतो, पण हळू वाजवतो. हळू ड्रम! कॉलेजची पोरं आली, म्हणाली दोघंच राहू. दोघांच्या मागं गल्लीत आणखी तिघं लपून उभे होते, मी वरून बघत होते. "त्या तिघांना पण चहाला बोलाव की," म्हटलं. पळाले.

मला फसवायचं म्हणजे सोपं नाही. या कीर्तिपूरच्या उतारावर एवढी घरं आहेत, सगळ्यांना भाडेकरूंनी टोप्या घातल्या. मला नाही. मी माणूस गेटातच ओळखते.

सगळे मेले तोंडभरून "घरबेटी आमा, घरबेटी आमा" करतात — घरमालकीण आई म्हणे! आमा म्हणायचं आणि नळ उघडा टाकून फिरायला जायचं! स्वतःच्या आईच्या घरी असं करता का रे?

दिलमाया नाही तशी. ती "आमा" म्हणते तेव्हा घरबेटी जोडत नाही.

भदौ ८, शनिवार

खोली बघायला एक कुटुंब आलं. नवरा कुठल्याशा कार्यालयात शिपाई, बायको नीटनेटकी, चपला बाहेर काढून उभी राहिली. मला आवडले. मग बायकोच्या मागून एक टोपडं डोकावलं. चार वर्षांचं असेल.

"पोरंबाळं नाहीत ना, असं फोनवर विचारलं होतं मी."

"हा एकच आहे, आमा. हा काही करत नाही."

"काही करत नाही? मग डॉक्टरला दाखवा!"

नाही म्हणून सांगितलं. त्या माणसानं तोंड एवढंसं केलं. मला काय हौस आहे? मागं पहिल्या मजल्यावर भाडेकरूचे ते जुळे पोरगे होते तेव्हा काय झालं ते मला माहीत. ऐन दसैंत, दसऱ्याच्या सणात, सगळे नळ उघडे, टाकी रिकामी, टँकरवाला फोन उचलेना. मग एकदा दोघं गच्चीतल्या टाकीवर चढून बसले. आमच्या गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा. हे वर गेले, दोघांना काखोटीला मारून खाली आणलं. त्या दिवशी ठरवलं — पोरंवालं बिऱ्हाड नको. भाडं कमी आलं तरी चालेल.

दिलमाया जिन्यावर विणत बसली होती. थामेलच्या दुकानांना लोकरीच्या टोप्या विणून देते ती, दिवसभर सुया चालू. म्हणाली, "पोरगं गोड होतं, आमा."

"गोड असतात तेच टाकीवर चढतात," म्हटलं.

ती उठून वर गेली. लोकरीचा गुंडा तिथंच राहिला, जिन्यावरून घरंगळत खाली आला. मीच नेऊन दिला.

भदौ १२

छत गळतंय. यांच्या डोक्यावर, नेमकं उशीवर! आपण मात्र वर राहायचं नि ओलं व्हायचं, खालचे भाडेकरू कोरडे. दिलमायाचा नवरा टेक सकाळी कामावर जायच्या आधी गच्चीत चढला, ताडपत्री बांधून गेला. एका हॉटेलात स्वयंपाकी आहे तो. बोलत नाही फारसा. रात्री कधी मोमो उरले तर आणतो, थंड असतात पण आणतो.

गेट नऊला बंद, हा माझा नियम. टेकसाठी कडी लावत नाही, नुसतं लोटून ठेवते. हे म्हणाले, "अगं म्हातारे, नियम कुणासाठी मग?" म्हटलं, बाकीच्यांसाठी.

भदौ १५, शनिवार

सिडनीहून सिर्जनाचा फोन. एवढी लांब गेली लेक, पण आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मी नेहमीचंच विचारलं. तिनं नेहमीचंच उत्तर दिलं — "आमा, अजून नाही. आम्ही ठरवलं की सांगू." ठरवायचं! आमच्या वेळी कोण ठरवत होतं? फोन ठेवून यांना म्हटलं, आपल्या नशिबात नातवंडं आहेत का नाहीत देव जाणे. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. यांनाही वाटतं. बोलत नाहीत.

दिलमायाकडे गेले. एक लाल स्वेटर विणत होती, इवलासा, बाह्यांना पांढरी फुलं. हा काही दुकानाचा नाही.

"कुणाचा गं?"

"भाचीचा." मान वर न करता.

दर दसैंला भाचीचा स्वेटर घेऊन गावी, रोल्पाला जाते. पोर नाही म्हणून भाचीवर जीव. मला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस उजवली नाही, आणि कधी तोंडातून चकार शब्द नाही.

भदौ २०

उद्या तीज. आज 'दर', म्हणजे उपासाआधीचं गोडधोड, खायचा दिवस. दिलमायाला वर बोलावलं — खीर, पुरी, बांबूच्या कोंबांचा आलू-तामा, दही. हे आणि टेक पानात वाढलेलं बघून खूश, उपास यांना थोडाच करायचाय! दिलमायानं गावाकडचं गाणं म्हटलं आणि उठून नाचली. मी पण नाचले. गुडघ्यानं नंतर जाब विचारला.

भदौ २१, तीज

लाल साडी, पोत, उपास, मंदिरापुढं रांग. ऊन असं की डोकं फुटेल. दिलमायानं माझ्यासाठी छत्री धरली, स्वतः उन्हात. मी दरवर्षी यांच्यासाठी मागते, आज यांना म्हटलं थांबा जरा. आज दिलमायासाठी मागितलं — हिच्या ओटीत एक लेकरू घाल.

परत येताना चढावर सांगून टाकलं तिला. म्हटलं, "माझ्या नियमाची भीती बाळगू नकोस हो. तुला मूल झालं ना, तर तुला काही खोली सोड म्हणणार नाही मी. तुझ्या पोराला टाकीवर चढू दे, मी खाली उभी राहीन!"

ती भर रस्त्यात रडायला लागली. हुंदके देऊन. बायका वळून बघायला लागल्या. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. वांझपणाचं दुःख कुणी बोलून हलकं करू शकतं का?

भदौ २६

वैद्याकडून काढा आणला. दुसऱ्या गल्लीतल्या सुनेला गुण आला म्हणतात. कडू जहर. दिलमाया आधी नको नको म्हणाली. मी डोळे वटारले तेव्हा घेतला, उभ्या उभ्या प्याली. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. आता रोज सकाळी माझ्यासमोर प्यायचा, असं बजावलंय.

पुढच्या खोलीला अजून कुणी नाही. दसैं जवळ आला की कोण बिऱ्हाड हलवतं? वॉर्डातून घरभाड्याच्या कराचा निरोप मात्र वेळेवर. खोली रिकामी असली तरी कर भरा म्हणे. हे म्हणाले मी बोलतो. गेले, चहा पिऊन आले.

असोज ४

आज जे ऐकलं ते लिहायलाही हात धजत नाही.

समोरच्या घराची रम्भा. तिच्याही दोन खोल्या भाड्यानं असतात. भाजीच्या गाड्यापाशी मला म्हणते, "दिदी, तुझी दिलमाया खोली सोडते वाटतं?"

म्हटलं, "कोण म्हणालं?"

"अगं, माझ्याकडेच आली होती विचारायला. तिघं आहोत म्हणाली. मी नाही म्हटलं, पोरंटोरं मलाही नकोत. खालच्या चौकातही विचारून आली म्हणे. तुला माहीत नाही?" आणि असं तोंड केलं जसं काही फार वाईट वाटलं.

मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे. आणि मुळे न घेताच घरी आले.

माझ्या पाठीमागं! चौकात, समोर, सगळीकडं विचारत हिंडतेय, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. मी काय कमी केलं? पाणी बंद केलं? भाडं वाढवलं? बाकीच्यांचं वाढवलं, हिचं नाही वाढवलं! आणि तिघं म्हणजे कोण? सासूला आणणार असेल रोल्पाहून. मग आण की. मी नको म्हणते का? पण रम्भा पोरंटोरं म्हणाली. रम्भाला काय, काहीही बोलते.

सकाळी आज माझ्यासमोर काढा प्याली. प्याली आणि हसली पण! एवढं पोटात ठेवून!

असोज ५

बोलले नाही तिच्याशी. चहाला हाक मारली नाही. मोटार लवकर बंद केली. बसू दे अर्ध्या बादलीत.

हे म्हणाले, "विचार की सरळ." म्हटलं, मी का विचारू? मी आमा आहे, तिनं येऊन सांगावं.

असोज ६

आजही नाही. तीही गप्प. घरात नुसतं मसणात बसल्यासारखं झालंय.

असोज ८

गच्चीत मिरच्या वाळत घालत होते. ती आली, बाजूला बसली, मिरच्या पसरायला लागली. दोघींचे हात चालू, तोंडं बंद. शेवटी मलाच राहवेना.

"कुठं ठरली खोली?"

तिचा हात थांबला. "अजून नाही मिळाली, आमा."

"मिळेल कशी? तिघं आहोत सांगत हिंडतेस. तिसरं कोण? सासू?"

ती एकच मिरची उलटसुलट करत राहिली.

"तोंड आहे की नाही?"

"मुलगी आहे, आमा."

"कुणाची?"

असं विचारलं मी. कुणाची!

"माझी," ती म्हणाली. "जुनेली. सहा वर्षांची आहे."

माझ्या हातातल्या मिरच्या तशाच राहिल्या. भाची कुठली नि काय कुठलं. तो लाल स्वेटर. दर दसैंचा स्वेटर.

"तीन वर्षं!" मी ओरडले. हे खालून वर आले एवढी ओरडले. "तीन वर्षं माझ्या चुलीशी बसून चहा प्यालीस, माझे पाय चेपलेस, आणि पोटची पोर लपवलीस माझ्यापासून! मी देवाला तुझ्यासाठी लेकरू मागून आले गं! तो कडू काढा पाजला तुला, आणि तू प्यालीस! का प्यालीस?"

"तुम्ही इतक्या मायेनं आणला होता," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. मिरच्यांकडे बघत, हळू आवाजात. तीन वर्षांपूर्वी दोघं पोरीला घेऊन आली होती. पोर कडेवर. दार दार विचारलं, दर वेळी खरं सांगितलं — एक मुलगी आहे. दर वेळी दार बंद. "आमच्याकडे नको", "वर विचारा", "खाली विचारा". पोर उन्हात तापली. माझ्या गेटाशी आली तेव्हा पोरीला टेकजवळ बसस्टँडवर ठेवून एकटीच आली. मी गेट उघडलं आणि पहिलंच विचारलं, पोरंबाळं नाहीत ना?

"मी नाही म्हणाले, आमा. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, महिनाभर तिला आजीकडे ठेवू, तोवर तुमची ओळख होईल, मग सांगू. मग ओळख झाली. तुम्ही इतका जीव लावला — आणि मग सांगताच येईना. तुम्ही सगळ्यांना सांगता ना, दिलमाया कधी खोटं बोलत नाही म्हणून."

आता गावच्या शाळेला मास्तर नाही. आजीला डोळ्यांनी दिसत नाही नीट. म्हणून खोली शोधते. मला विचारायची हिंमत नव्हती.

मी खाली आले. हे मागोमाग आले आणि पाणी दिलं.

असोज ९

सकाळपासून डोकं ठणकतंय. मला राग आलाय. कुणाचा ते कळत नाही. तिचा आहे. खोटं बोलली, तीन वर्षं बोलली. रम्भाचा आहे, उगीच. त्या जुळ्यांच्या आईचाही आहे!

मी नियम केला तो टाकीसाठी केला. टाकी रिकामी होते, कठडा ठेंगणा आहे, माझं काय चुकलं? घर आमचं आहे. पल्टणीच्या पैशातून एकेक वीट लावलीय.

पण ती पोर बसस्टँडवर बसली होती. आईची वाट बघत. आणि आई परत गेली ती खोली मिळाल्याच्या आनंदात — आणि पोरीला गावी पाठवायच्या तयारीनं. हे डोळ्यांपुढून हलत नाही.

हे एवढंच म्हणाले, "तुला फसवणारी एकच निघाली, म्हातारे. आणि तिच्यावरच तुझा सगळ्यात जीव." चेष्टेनं म्हणाले, पण मग माझ्या डोक्याला बाम लावून दिला.

असोज १०

खाली गेले. दारात उभी राहूनच सांगितलं, "दसैंला जाताय ना? येताना तिला घेऊन या. आणि खोली शोधायचं नाटक बंद."

दिलमाया पाया पडायला वाकली. मी म्हटलं, "पाया नको पडू, आधी ऐक. भिंतीवर रेघा मारल्या तर तुला पुसायला लावीन. नळ उघडा राहिला तर टेकला टँकर आणायला लावीन." ती हसतही होती, रडतही होती. टेक मोरीत तोंड धूत होता तो बाहेरच येईना. किती वेळ तोंड धुतो माणूस!

मग मला म्हणाली, "आमा, आता तो काढा नको ना?"

असलं हसलो दोघी!

असोज १४

वेल्डिंगवाला आला. गच्चीच्या कठड्यावर लोखंडी जाळी, माझ्या छातीएवढी. टाकीच्या शिडीला खालून फळी ठोकली, म्हणजे चढताच येणार नाही. यांना म्हटलं खर्च फार झाला. हे म्हणाले, "ओलीचं प्लास्टर पुढच्या वर्षी करू. शिंप्याचं कॅलेंडर आहे अजून." चढावरच्या शाळेतही जाऊन आले हे. पल्टणीचा बिल्ला लावून गेले! तिहारनंतर, दिवाळी झाली की, पोरीला घेतो म्हणाल्या बाई.

बाजारातून छोटे बूट घेतले. मापाचा अंदाज नाही, मोठेच घेतले. दिलमायानं बघितले, उलटसुलट केले. "पायात येतील का?" विचारलं. ती म्हणाली, "मलाही नक्की माहीत नाही, आमा. वर्षात किती वाढली असेल!" आणि लगेच म्हणाली, "येतील, येतील."

असोज १७, घटस्थापना

घटासाठी जवाचा जमरा पेरला. पूजेच्या खोलीत अंधार करून ठेवला. टेक-दिलमाया बसनं गेले. एक दिवस एक रात्र बस, मग चालत. पिशव्या इतक्या की टेक दिसेना. मी गेटाशी म्हटलं, "पोरीला पुढच्या सीटवर बसवू नकोस, उलटी होईल. खिडकीकडं बसव." दिलमाया म्हणाली, "हो आमा." आणि वळून पुन्हा म्हणाली, "हो आमा." असं तोंड मी तिचं कधी बघितलं नव्हतं. पोरीसारखी दिसत होती.

असोज २६

आज दसैंचा टीका, दही-तांदळाचा टिळा. सगळं शहर गावाला गेलंय, गल्लीत कुत्रंही नाही. यांनी मला टीका लावली, मी यांना. जमरा कानाशी खोवला. सिर्जनानं फोनवर डोकं पुढं केलं, मी पडद्यालाच तांदूळ लावले. हे म्हणाले आता तो पुसायला लागेल. पुसला नाही मी दिवसभर.

पाणी भरपूर. टाकी काठोकाठ. वापरायला कोण आहे?

कात्तिक १

टेक एकटाच आला, हॉटेल उघडलं म्हणून. दिलमाया तिहार करून येणार. "पोरगी जरा बुजते," म्हणाला. "वर्षातून एकदाच बघते ना आम्हाला. दिलमाया म्हणते, थोडे दिवस जवळ राहिले की लळा लागेल."

लागेलच. चार दिवसांत लागतो. पोरं ती! मी टेकला सांगितलं, तिला सांग घाई करू नको.

कात्तिक ९

दिलमायाचा फोन आला, आवाज तुटत होता. झोपताना अजून आजीजवळच झोपते म्हणाली. पण आज वेणी घालून घेतली. "माझ्या हातानं, आमा! हलली नाही अजिबात!" मी यांना हाक मारून सांगितलं, वेणी घालून घेतली म्हणून. हे म्हणाले, बाजी मारली.

पुढच्या खोलीला एक जोडपं विचारायला आलं, तान्हं बाळ घेऊन. मी दोन दिवसांनी सांगते म्हटलंय. ओल दाखवली आधीच. कॅलेंडर बाजूला करून.

कात्तिक १४

अंगण सारवल्यासारखं धुतलं. तिहारच्या सेल रोटीचं तांदळाचं पीठ जास्तच भिजवलं. टेकनं खोलीत छोटी खाट आणली, कुठून उचलून आणली देव जाणे, एक पाय लंगडा. यांनी विटेचा तुकडा लावला. दोघं पुरुष खाटेवर बसून हलवून हलवून बघत होते. मग दोघांनी मिळून मोडली, आणि परत दुरुस्त केली.

कात्तिक २१

दिलमाया आली. एकटी.

पिशवी खाली ठेवली आणि तिथंच गेटाशी बसली. टेक वरून धावत आला, तिच्या मागं गल्लीत बघत राहिला. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"निघायच्या सकाळी तयार झाली, आमा. स्वेटर घातला, बूट घातले. ओढ्यापर्यंत हात धरून आली. मग थांबली. म्हणाली, मी आमाला सोडून कुठ्ठेच जाणार नाही. मला इतका आनंद झाला! मी खाली बसले, दोन्ही हात पसरले. ती माझ्या बाजूनं पळत गेली. मागं. आजीकडे."